लाईन तयार आहे

डँडेनॉन्ग,
शनिवार, १९ जुलै २०२५

प्रिय शंतनू,

पाकीट जाड लागलं म्हणून खूश होऊ नकोस आणि आत आईचं पत्र निघालं म्हणून घाबरूही नकोस. मला काही झालेलं नाही. फोन करून बघितला, गुरुवारी दोनदा आणि काल एकदा. पहिले दोन तू उचलले नाहीस आणि तिसऱ्याला "आई, पाईपांचं काम झालं ना? मग बाकीचं वीकेंडला बोलू" एवढं म्हणून ठेवलास. वीकेंड आज आहे. पण मला जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही. मध्येच तू "हो हो, कळलं" म्हणशील आणि मी गप्प बसेन. कारखान्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल रेघा ओढल्या, त्यामुळे बोलण्यापेक्षा लिहिणं माझ्या ताब्यात राहतं. तू फक्त शेवटपर्यंत वाच, मध्ये पान उलटून किती उरलंय ते बघू नकोस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की काम झालेलं नाही. पाईप जागच्या जागी आहेत. एजंटबाई म्हणाली होती, पाच खोल्यांत खोली तापवायचे पाच बंद रेडिएटर आणि घराखाली वापरात नसलेल्या पाईपांचं जंजाळ बघून गिऱ्हाईक बिचकतं, तेवढं काढून टाका, मग बोर्ड लावू. तू लगेच बदलीच्या गावाहून, तिकडे स्कोफिल्ड्सहून सूत्रं हलवलीस. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय कॉलेजपासूनची. प्लंबर किती वाजता येणार, मी कुठलं दार उघडून द्यायचं, सगळं मेसेजवर आलं. पाईप निघाले की घर विकायचं, घर विकलं की नव्या घराचा तुझा भार हलका होणार आणि मी तुमच्या मागच्या खोलीत येणार. तीन वाजता शिवांगीला शाळेतून आणायला घरचं माणूसही मिळेल. यात कुणी नावं ठेवण्यासारखं काही नाही, सगळं रीतसर आहे. विक्रीच्या कागदांवर माझी सही कुठे कुठे हवी तिथे तू पिवळ्या चिठ्ठ्यासुद्धा चिकटवून पाठवल्यास. घर घेताना हौसेनं माझं नाव तुझ्या नावाशेजारी घातलंस, त्या हौसेपायी आता तुला माझ्यासाठी थांबावं लागतंय.

गुरुवारी सकाळी आठला तो प्लंबर आला. मला वाटलं होतं कुणी गोरा असेल, म्हणून मी चार इंग्रजी वाक्यं घोकून ठेवली होती. दारात बघते तर यतिन, नाशिकचा. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला इथे आला, दोन वर्षं भांडी घासली, मग एका प्लंबरच्या हाताखाली लागला. आता स्वतःची व्हॅन आहे, लायसन आहे, इथे कायम राहायचा पीआर आहे. दाराशी कुंडीतली तुळस बघून त्यानंच विचारलं, "काकू, मराठी का?" मग मी त्याला आधी पोहे खायला घातले. "नो वरीज काकू," म्हणाला, "खाली जातो, कापतो, ओढून बाहेर काढतो. आर्व्होपर्यंत तुमचं घर मोकळं." आर्व्हो म्हणजे इथली दुपार. घराच्या लाकडी जमिनीखाली दीडेक फुटाची पोकळी आहे ना, तिथे जायचं लाँड्रीबाहेरच्या भिंतीतलं ते छोटं दार उघडून, डोक्याला दिवा लावून तो पालथा पडून आत सरपटत गेला. आधी डोकं, मग पाठ, मग बूट. बूट दिसेनासे झाले तशी मी आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. 

हे घर बघायला आपण आलो तो दिवस तुला आठवतो का? तू आणि तेजश्री किचनची मापं घेत होतात, मी मागच्या अंगणात लिंबाचं झाड बघत होते आणि तुझे बाबा हॉलमध्ये त्या लोखंडी रेडिएटरवर हात ठेवून उभे होते. तेव्हाच्या एजंटनं सांगितलं, जुनी सिस्टिम आहे, दहा-बारा वर्षं बंद आहे, इग्नोर करा. बाबांनी ते इग्नोर केलं नाही. मागच्या शेडमध्ये त्यांना बॉयलर सापडला, आपल्या फ्रीजएवढा, कोळ्यांच्या जाळ्यांत गुरफटलेला. तिथे पाणी तापायचं, घराखालच्या पाईपांतून खोल्याखोल्यांत फिरायचं आणि गार होऊन परत बॉयलरकडे यायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दुमजली घराएवढ्या बॉयलरपुढे ज्यानं एकतीस हंगाम काढले, त्याला ते खेळण्यासारखंच वाटलं असणार. परतताना गाडीत तू हप्त्यांबद्दल बोलत होतास, तेजश्री शाळांबद्दल. बाबा एकदाच बोलले. घर चांगलं आहे म्हणाले, नुसतं गार पडलंय.

तू साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलास, पण बॉयलर हाऊसची वही तुझ्या लक्षात आहे की नाही कोण जाणे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पाळीला बाबा तीत नोंद करायचे, दाब किती, पाणी किती, कुठे गळती आहे का. खाली दोन रकाने असायचे, "चार्ज दिला" आणि "चार्ज घेतला". पुढच्या पाळीचा माणूस यायचा, आधीची नोंद वाचायचा, दुसऱ्या रकान्यात सही करायचा, मगच पहिल्यानं घरी जायचं. रिलीव्हर आला नाही तर तीच पाळी पुढे चालू. तू सातवीत असताना स्कॉलरशिपमध्ये तालुक्यात पहिला आलास. चार वाजता बक्षीस समारंभ होता, बाबांची पाळी दोनला सुटणार होती. इस्त्रीचा शर्ट मी बॉयलर हाऊसवरच पाठवला होता. त्या दिवशी त्यांचा रिलीव्हर नंदू आला नाही, त्याची बायको बाळंतपणात अडली होती. तू स्टेजवर बक्षीस घेतलंस तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दोन दिवस तू बाबांशी बोलला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी विचारलंस, सही न घेता आला असतात तर बॉयलर काय पळून गेला असता? ते म्हणाले, बॉयलर पळत नाही रे, फुटतो. मला तेव्हा हसू आलं होतं. तुला नाही आलं. मला वाटतं, ती रिकामी खुर्ची तू कधी विसरला नाहीस, आणि तुला पूर्ण दोषही देता येत नाही.

इथल्या पहिल्याच हिवाळ्यात आपल्याला कळलं की एजंट ज्याला इग्नोर करा म्हणाला होता ते काय होतं. एसीची गरम हवा हॉलपुरती. आमची खोली दक्षिणेची, आणि इथे सगळंच उलटं, दक्षिणेच्या खोलीला वर्षभर ऊन नाही. मी दोन स्वेटर घालून भाजी चिरायची. बाबांनी तुला तीनदा विचारलं, लाईन तपासून बघू का. तू तिन्ही वेळा सांगितलंस की इथे लायसन लागतं, इन्शुरन्स जाईल, बाबा प्लीज हात लावू नका. ते चूक नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि जानेवारीत, तुम्ही दोघं ऑफिसला आणि शिवांगी समर कॅम्पला गेली, की ते घराखाली जायला लागले. गॅसला आणि बॉयलरला त्यांनी बोट लावलं नाही, ते लायसनवाल्याचं काम म्हणाले. त्यांनी फक्त पाण्याची बाजू हातात घेतली. सांधे, वॉशर, व्हॉल्व्ह. बागेच्या नळीनं लाईन भरायची, गंजाचं पाणी लिंबाच्या मुळाशी सोडायचं, हातपंपानं दाब द्यायचा आणि थेंब पडतो का बघायचं. बाहेर पहाऱ्याला मी. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तो माणूस दीड फुटाच्या अंधारात सरपटायचा आणि मी भिंतीशी उकिडवी बसून दर पाच मिनिटांनी विचारायची, "आहात ना हो?" आतून उत्तर यायचं, "जाणार कुठं?" शिवांगीचे रंगीत जाड खडू त्याच दिवसांत हरवायला लागले. ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "आजोबा, दॅट्स माय चॉक!" आणि ते तिच्यापुढे कान धरून उभे राहायचे. खडू कशाला लागतात हे मी कधी विचारलं नाही. खुणा करत असतील, असं धरून चालले.

त्यांचा बेत मला एप्रिलमध्ये कळला. कारखान्यावर दर हंगामाआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं ते तुला आठवत असेल, तू पेढ्यांसाठी यायचास. संचालक सपत्नीक पाटावर बसायचे, गुरुजी, नारळ, हार, फोटो. बाबा पहाटेपासून राबून सगळं सज्ज ठेवायचे आणि फोटोच्या वेळी दाराशी उभे असायचे. एकतीस वर्षांत तो दरवाजा एकाही फोटोत आला नाही. इथे हिवाळा मे-जूनला लागतो, म्हणजे आपला हंगाम अक्षय तृतीयेला, असं त्यांनी ठरवलं. शंतनू आणि तेजश्रीला जोडीनं पाटावर बसवायचं, नारळ वाढवायचा, गॅसचा माणूस बोलवायचा आणि बॉयलर पेटवायचा. "या वेळी फोटोत मी पण," असं मला म्हणाले. मी पाट शोधायला आपल्या देशी दुकानांची फॉस्टर स्ट्रीट पालथी घातली. मिळाला नाही, शेवटी शिवांगीच्या बुटक्या टेबलावर भागवायचं ठरलं.

मग ते शनिवारचं जेवण. तुझ्या ऑफिसमधला सलिल आणि त्याची बायको नीरजा आली होती. इथल्या सगळ्यांना तू सांगत होतास, माझे बाबा शुगर फॅक्टरीत इंजिनिअर होते. मला ते ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीही ती कधी उघडली नाही. सलिलनं सहज विचारलं, काका, तुम्ही कुठल्या सेक्शनला इंजिनिअर? बाबा मोकळेपणानं हसले. "इंजिनिअर? छे हो. मी बॉयलर अटेंडंट. पण फर्स्ट क्लास सर्टिफिकेट, बरं का." आणि त्याच खुशीत त्यांनी सगळं सांगून टाकलं, घराखाली काय केलंय ते, शुक्रवारचा मुहूर्त, तुमचा पाट. "लाईन तयार आहे, शंतनू. तू फक्त गॅसवाला बोलव." नीरजा "हाऊ स्वीट" म्हणाली. तू ताटाकडे बघत होतास. तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की अस्सेच व्हायचे.

पाहुणे गेल्यावर तू जे बोललास ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण बोललेलं माणूस विसरतं. "बाबा, तुम्ही अटेंडंट होतात. वाफेकडे बघत बसायचं काम होतं तुमचं. हे माझं घर आहे, तुमचा कारखाना नाही." तेजश्री "शंतनू, इनफ" म्हणाली, हे तिच्या बाजूनं नोंदवून ठेवते. बाबांनी तुझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहाऱ्याला मी होते ना, चार महिने. माझ्या हातात सलिलची ताटली होती. मी म्हणाले, "शंतनूचं बरोबर आहे. आता पुरे करा."

ते घराखाली अडकतील, ही भीती माझ्या पोटात होती हे खरं, आणि पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला तेच सांगत राहिले. पण त्या क्षणी मी भीतीनं बोलले नाही. मला सलिल-नीरजासमोर लाज वाटली होती, तुला वाटली तशीच. अठ्ठावीस वर्षं मी बॉयलर अटेंडंटची बायको म्हणून शाळेत ताठ मानेनं गेले आणि डँडेनॉन्गमध्ये येऊन एका जेवणात मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शंतनू. तुझ्यावर रागवायला बसले की मध्येच माझी मीच आडवी येते.

त्या जेवणानंतरच्या गुरुवारी तू माणूस बोलावून बॉयलर गॅसपासून तोडून घेतलास. दोघांनी तो ट्रॉलीवरून ओढत नेला आणि काउन्सिलच्या हार्ड रबिशसाठी, म्हणजे मोठं भंगार नेणाऱ्या गाडीसाठी, घरासमोरच्या गवतावर ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. तुम्ही ऑफिसला गेलात. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खिडकीत बसले. मी पुरण घातलं होतं, ते त्यांनी खाल्लं, चांगलं झालंय म्हणाले. शेजारचा म्हातारा फेरी मारताना थांबला, बॉयलरचं झाकण उघडून आत डोकावला आणि पुढे गेला. मंगळवारपर्यंत तो बॉयलर गवतावर होता. रविवारी पाऊस आला तेव्हा बाबांनी बाहेर जाऊन त्याच्यावर गादीखालचं प्लास्टिक टाकलं. मी खिडकीतून बघितलं आणि हाक मारली नाही.

त्यानंतर ते तुझ्याशी नीट वागत राहिले, माझ्याशीही. रोज दहा वाजता "चक्कर मारून येतो" म्हणून जायचे आणि अर्ध्या-पाऊण तासानं यायचे. फॉस्टर स्ट्रीटला बाकावर बसत असतील असं मी धरलं. एकदा त्यांच्या स्वेटरवर कोळ्याचं जाळं दिसलं, गुडघ्यांना माती दिसली. मी झटकून टाकलं आणि विचारलं नाही, कारण विचारलं तर बोलावं लागलं असतं. बावीस ऑगस्टला दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. थंडीनं गेले असं मी म्हणणार नाही, कुणाला म्हणूही देत नाही. हृदय थांबलं, डॉक्टरनं तसं लिहिलंय आणि ते खरं आहे. पाच महिन्यांनी तुमची बदली झाली, घर विकेपर्यंत मी इथे राहायचं ठरलं आणि आता हा हिवाळा मी दक्षिणेच्या खोलीत एकटी काढते आहे. तू नवा हीटर पाठवलास तो चांगला आहे.

तर गुरुवारी मी ओट्याशी उभी होते आणि यतिनच्या करवतीचा आवाज येईल म्हणून कान बंद करून घ्यायच्या बेतात होते. आवाज आला तो त्याचा स्वतःचा, माझ्या पायांखालून, जमिनीच्या लाकडी फळ्यांतून. "काकू, इथं मराठीत लिहिलंय काहीतरी!" मी खाली वाकून विचारलं, काय लिहिलंय? आणि तो वाचायला लागला. तुळयांवर, प्रत्येक सांध्याच्या वर, खडूनं. "बारा जानेवारी. मुख्य लाईन. सांधे एक ते चार पक्के." मग थोडा सरपटल्याचा आवाज, आणि हॉलच्या खालून, "तीन फेब्रुवारी. वॉशर बदलला. थेंब नाही." मी वरून त्याच्या आवाजामागे या खोलीतून त्या खोलीत जात होते. शिवांगीच्या खोलीखाली लिहिलं होतं, "बाळाची खोली. गरम पाणी आधी इकडे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवणे." आमच्या खोलीखाली, "शेवटची लाईन. पाणी उरेल तेवढं." मी पलंगावर बसले. एका परक्या मुलाच्या तोंडून, जमिनीखालून, माझा नवरा बोलत होता आणि "आहात ना हो" असं विचारायची सोय नव्हती.

मला वाटलं मेमध्ये हे संपेल. यतिन म्हणाला, काकू, लाँड्रीखाली अजून बरंच आहे, सगळं एकाखाली एक. "नऊ मे. बॉयलर काढला. पाईपांची तोंडं बंद केली. लाईन भरलेली आहे." "दहा मे. अक्षय तृतीया. लाईन तयार आहे." आणि मग अकरा मे, बारा मे, तेरा मे. जून, जुलै. रोजची एक ओळ, गुलाबी खडूनं, निळ्यानं, पिवळ्यानं. "दाब ठीक. गळती नाही." "बॉयलर नाही. लाईन तयार." प्रत्येक दिवसाच्या खाली, "चार्ज दिला, विश्राम" आणि त्यापुढे "चार्ज घेतला", आणि त्यापुढे कोरं. यतिन निरागसपणे विचारत होता, काकू, हे चार्ज काय आहे, इलेक्ट्रिकचं का? मी त्याला वहीचा नियम सांगितला. रिलीव्हरनं सही केली नाही तर पाळी संपत नाही. त्यानं खाली शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, म्हणजे ते रोज परत येत होते. शेवटची नोंद एकवीस ऑगस्टची आहे.

तो बाहेर आला तेव्हा केसांत जाळी होती आणि डोळे पुसलेले कळत होते. त्यानं व्हॅनमधून दाब मोजायचं गेज आणलं, लाईनला दाब देऊन लावलं आणि आम्ही दोघं अंगणात लिंबाखाली अर्धा तास त्या काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही, म्हणजे कुठेच गळती नाही. तो म्हणाला, काकू, हे काम ज्यानं केलंय त्याच्या हाताखाली मी शिकायला हवं होतं, मी रोज लायसनवाल्यांची कामं दुरुस्त करतो, त्यांच्यात हे नाही. मग त्यानं विचारलं, काका इंजिनिअर होते का? मी म्हणाले, नाही, बॉयलर अटेंडंट होते. फर्स्ट क्लास. हे वाक्य मी चौदा महिने उशिरा बोलले आणि ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ते ऐकायला नव्हते. यतिनला मी सांगितलं, आज काही कापू नकोस. त्यानं चहा घेतला आणि गेला. त्याच्या फोनमध्ये सगळ्या तुळयांचे फोटो आहेत. ते तुला पाठवू नकोस असंही त्याला बजावलं आहे, कारण तू ते मीटिंगमध्ये अंगठ्यानं सरकवून बघशील.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. या पाकिटात पत्रासोबत विक्रीचे कागद आहेत. पिवळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या शेजारची एकही सही मी केलेली नाही. मी घर अडवून धरणार नाही. म्हातारपणी एवढ्या मोठ्या घराचं मी करू काय? विक, सुखानं विक. पण आधी एकदा इथे ये, एकटा ये. लाँड्रीचं छोटं दार उघड, पालथा पड आणि तुझे बाबा जायचे तसा सरपटत आत जा. बारा जानेवारीपासून वाचायला सुरुवात कर, एकही ओळ गाळू नकोस. शेवटी लाँड्रीखालच्या तुळईवर एकवीस ऑगस्टच्या नोंदीपुढे जागा कोरी आहे. काल मी स्वतःच तिथे सही करायला निघाले होते. दारापर्यंत गेले, पण गुडघे वाकले नाहीत, आणि मग वाटलं की बरंच झालं, ती सही माझी नाही. शिवांगीचा एक निळा खडू माझ्या शिवणाच्या डब्यात सापडला, तो दाराशी विटेवर ठेवला आहे. तू तिथे सही कर. बाहेर ये, हात धू, आणि मग तू सांगशील तिथे मी सह्या करीन. तोवर मी इथेच आहे. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते.

तुझीच,
आई